तुम्ही कंपनी विकत घेतलीत, आमच्या रॅकचं काय?

प्रति,
मोठ्या नेटवर्किंग कंपन्यांची संचालक मंडळं आणि त्यांच्यासाठी लहान कंपन्या हेरणारे विभाग

स. न. वि. वि.

मी नेटवर्क सांभाळतो. या कामात एकोणीस वर्षं झाली. तुमच्या सौद्यांच्या बैठकीला मला कोणी बोलावत नाही, बोलावण्याचं कारणही नाही. पण सौदा झाला की तुमच्याकडून जी ईमेल निघते ती माझ्यासारख्यांकडे येते आणि तिचा मजकूर एव्हाना मला तोंडपाठ झाला आहे. आधी 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो', मग दोन कंपन्यांची 'समान दृष्टी', आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य: 'तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.' हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी माझं काय अडलं ते सांगतो.

आमच्या रॅकमध्ये, म्हणजे उपकरणांच्या उभ्या कपाटात, एका लहान कंपनीचे चार स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या) स्टॅक करून, म्हणजे एकत्र जोडून एकासारखे चालतील असे, बसवलेले आहेत. घेताना हट्ट मीच धरला होता. कमांड सरळ, कागदपत्रं नीट लिहिलेली, आणि सपोर्टला फोन केला की पलीकडचा माणूस 'शो टेक पाठवा' (म्हणजे स्विचच्या स्थितीचा पूर्ण अहवाल) म्हणायचा आणि तासाभरात दुखण्यावर नेमकं बोट ठेवायचा. ती कंपनी तुमच्यापैकी एकाने घेतली. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच राहील. सौद्यानंतर चौदा महिन्यांनी एका रात्री स्टॅकमधला मुख्य स्विच दर काही तासांनी आपला आपण रीबूट व्हायला लागला. लॉगमध्ये दिसलं की एक प्रोसेस मेमरी खात खात वर चढते आहे. दोष ओळखीचा होता. जुन्या कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये मी तो वाचला होता आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाल्याचंही आठवत होतं.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जपून ठेवलेली लिंक उघडली, तर तिने मला नव्या मालकाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडलं. तिथे काचेच्या इमारतीत हसणारी माणसं होती, फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्हतं. पोर्टलवर खातं उघडलं. सिरियल नंबर मागितला. आमच्या स्विचचा नंबर बारा अक्षरांचा आणि त्यांच्या रकान्यात अकराच मावत होती. शेवटचं अक्षर सोडून पाहिलं, तर 'हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही.' सपोर्टच्या कराराचे अजून बावीस महिने शिल्लक होते, पैसे आगाऊ भरलेले.

शेवटी ड्रॉवरमधल्या एका जुन्या पेन ड्राइव्हवर त्याआधीची आवृत्ती सापडली. ती चढवली आणि स्टॅक शांत झाला. त्या आवृत्तीत सुरक्षेचा एक दोष उघडा आहे, म्हणून स्विचचा मॅनेजमेंट पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) कोंडून ठेवावा लागला. माझ्या तिकिटाला पाचव्या दिवशी उत्तर आलं: 'आपण आमच्या नव्या श्रेणीकडे स्थलांतर करावं असं आम्ही सुचवतो.' सोबत विक्री प्रतिनिधीचा संपर्क.

एवढ्यावरून मी या खरेद्यांच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. तुम्ही लहान कंपन्या का घेता हे मला कळतं. माझं म्हणणं असं आहे की तुम्ही ज्या कारणासाठी घेता, त्याच कारणावर माझ्या रॅकमधल्या पेटीचं आयुष्य ठरतं, आणि नेमकं तेच कारण तुम्ही आम्हाला कधी सांगत नाही.

कधी तुम्हाला वेळ विकत घ्यायचा असतो. १९९३ साली सिस्कोने क्रेसेंडो कम्युनिकेशन्स ही कंपनी सुमारे ९.५ कोटी डॉलरला घेतली. सिस्कोची ती पहिली खरेदी. घरचा धंदा राउटरचा, आणि ग्राहक मात्र स्विच मागायला लागले होते. स्वतःचा स्विच बनवायचा तर चिप आखण्यापासून सुरुवात, त्यात दोन-तीन वर्षं जाणार, आणि तोवर इथरनेटचं (केबलने नेटवर्क जोडण्याचं) मानक पुढे सरकलेलं असणार. शिवाय घरातलेच विक्रेते कुरकुरणार, कारण नवं उत्पादन जुन्या दुभत्या उत्पादनाच्या पोटावर पाय देतं. लहान कंपनीला हे लचांड नसतं. पन्नास-साठ माणसं एकाच पेटीवर दिवसरात्र बसलेली असतात. अशा दहा कंपन्या निघतात, त्यातल्या आठ बुडतात, त्यांचा तोटा गुंतवणूकदार सोसतात, आणि उरलेल्या दोनपैकी एकीपुढे तुम्ही चेकबुक घेऊन उभे राहता. किंमत जास्त पडते, पण निकाल लागल्यावर लावलेली पैज आहे ती.

त्या खरेदीतून कॅटॅलिस्ट स्विच आले. ते नाव आजही पेट्यांवर आहे. मग १९९४ मध्ये कल्पना (हो, कंपनीचं नाव खरंच कल्पना, १९९० मध्ये बाजारात पहिला इथरनेट स्विच आणणारी हीच), १९९५ मध्ये फास्ट इथरनेटसाठी ग्रँड जंक्शन, त्याच वर्षी नेटवर्क ट्रान्सलेशन, जिच्यामुळे पिक्स फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) सिस्कोकडे आला. आज दोन केबलींची मिळून एक वाट करताना आम्ही 'चॅनल-ग्रुप' ही कमांड देतो. तिच्यामागची इथरचॅनलची कल्पना कल्पनाची. या खरेद्यांत ग्राहकाचं भलं झालं हे मी मोकळेपणाने मान्य करतो. घेतलेली पेटीच मुख्य पेटी झाली, म्हणून ती जगली.

दुसरं एक कारण आमच्या बाजूने येतं, तेही लपवत नाही. लहान कंपनीची पेटी कितीही चांगली असली तरी आमच्याकडचा खरेदी अधिकारी विचारतो, 'दहा वर्षांनी ही कंपनी असेल का?' या प्रश्नापायी चांगल्या चांगल्या पेट्या दारातूनच परत जातात. मोठ्या कंपनीचा शिक्का बसला की त्याच पेटीला दार उघडतं. म्हणजे कंपनी टिकेल का अशी शंका घ्यायची आमच्या लोकांनी, आणि ती कंपनी विकत घेऊन ती शंका खरी करायची तुम्ही!

कधी तुम्हाला माणसं हवी असतात. अँडी बेक्टोल्शाइम आणि डेव्हिड चेरिटन यांची ग्रॅनाइट सिस्टिम्स सिस्कोने १९९६ मध्ये सुमारे २२ कोटी डॉलरला घेतली, गिगाबिट इथरनेटसाठी. याच दोघांनी पुढे २००४ मध्ये नवी कंपनी काढली. तिचं आजचं नाव अरिस्टा, आणि डेटा सेंटरच्या बाजारात सिस्कोच्या तोंडचं पाणी पळवलं ते तिनेच. माणसं विकत मिळत नाहीत, काही वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतात, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून तर सिस्कोने उलटा प्रकारही केला. मुख्यतः क्रेसेंडोबरोबर आलेल्या अभियंत्यांनाच पैसे देऊन बाहेर कंपनी काढायला लावायची आणि तयार झाली की ती घ्यायची. अँडियामो, नुओव्हा, इनसिएमी अशा तीन कंपन्या त्यातून झाल्या. मारिओ, प्रेम, लुका आणि सोनी या चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्या टोळीला एमपीएलएस म्हणत, आणि हे नेटवर्कमधल्या एका तंत्राचंही नाव आहे. नेटवर्कवाल्यांनाच हसू येईल असा तो विनोद आहे.

माणसांसाठी घेतलेल्या कंपनीत जुन्या पेटीला वाली राहत नाही. जो अभियंता माझा दोष ओळखत होता, तो त्याच कारणासाठी विकत घेतला गेला आणि दुसऱ्याच प्रकल्पावर बसवला गेला. त्याचं नाव मला अजून आठवतं. आताच्या सपोर्टमध्ये ते कोणाला माहीत नाही.

मग येतात सुटे भाग: चिप, लेझर, सॉफ्टवेअरचा एखादा थर. ऑप्टिकल मॉड्यूल (प्रकाशातून डेटा पाठवणारे भाग) बनवणारी अकेशिया सिस्कोने २०१९ च्या जुलैमध्ये २.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. मंजुरी रखडली, २०२१ च्या जानेवारीत अकेशिया मागे फिरू लागली, आणि शेवटी किंमत ४.५ अब्जांवर गेल्यावर मार्चमध्ये सौदा पुरा झाला. एवढी ओढाताण कशासाठी? लांब पल्ल्याचं ऑप्टिक्स आता वेगळ्या कपाटातून निघून राउटरच्या पोर्टमध्ये मावायला लागलं आहे. उद्या राउटरपेक्षा त्याच्या पोर्टात बसणाऱ्या बोटभर मॉड्यूलमध्ये जास्त पैसा असेल, तर तो हातचा जाऊ कोण देईल?

याच जातीच्या खरेदीत ग्राहक सर्वात जास्त तोंडघशी पडतो. इंटेलने २०१९ मध्ये बेअरफूट नेटवर्क्स घेतली. तिच्या टोफिनो चिपमध्ये पॅकेटचं काय करायचं हे पी४ या भाषेत आपण स्वतः लिहू शकत होतो. संशोधकांनी तिच्यावर प्रयोगशाळा उभ्या केल्या, काही कंपन्यांनी उत्पादनं बेतली. २०२३ च्या सुरुवातीला इंटेलने टोफिनोच्या पुढच्या पिढ्यांचं काम थांबवत असल्याचं सांगितलं. यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. इंटेलच्या एकूण पसाऱ्यात ती एक छोटी ओळ होती आणि खर्चकपातीत छोटीच ओळ आधी खोडली जाते. बेअरफूटसाठी मात्र तेवढी एकच ओळ होती.

स्विचसाठीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्युम्युलसचंही तेच. तिच्या लिनक्सचा सगळा डौल असा, की स्विच कोणाचाही घ्या, सॉफ्टवेअर आमचं चालेल. २०२० मध्ये एनव्हिडियाने आधी स्विच आणि त्यांच्या चिप बनवणाऱ्या मेलानॉक्सचा सुमारे ७ अब्ज डॉलरचा सौदा पुरा केला आणि मग क्युम्युलसही घेतली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ब्रॉडकॉम या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर चालणं गेलं. आता ती एनव्हिडियाच्या स्पेक्ट्रम स्विचवर चालते. 'कोणाच्याही दावणीला बांधून घ्यायचं नाही' म्हणून जी गोष्ट लोकांनी निवडली, तीच एका दावणीला गेली.

राहिलं ग्राहकांची यादी विकत घेणं. याला मी वंशावळीची खरेदी म्हणतो. सिनऑप्टिक्स आणि वेलफ्लीट १९९४ मध्ये एकत्र येऊन बे नेटवर्क्स झाली. १९९८ मध्ये नॉर्टेलने बे ९.१ अब्ज डॉलरला घेतली. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलनेच दिवाळखोरीत संरक्षण मागितलं. तिचा एंटरप्राइझ धंदा त्याच वर्षी अवायाने ९० कोटी डॉलरला उचलला. जानेवारी २०१७ मध्ये अवाया दिवाळखोरीच्या कोर्टात, आणि त्याच वर्षी तिचा नेटवर्किंगचा भाग सुमारे १० कोटी डॉलरला एक्स्ट्रीमकडे गेला. वायफायची उपकरणं बनवणारी रकस तर याहून घाईत फिरली. २०१६ मध्ये ब्रोकेडने घेतली, लगेच ब्रोकेडच ब्रॉडकॉमने घ्यायचं ठरवलं, त्या सौद्यात रकस नकोशी म्हणून २०१७ च्या अखेरीस ॲरिसकडे, आणि २०१९ मध्ये ॲरिसच कॉमस्कोपने घेतली. छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट जागचा हलला नाही आणि तीन वर्षांत त्याने इतके मालक पाहिले.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की विकत न घेतलेली कंपनी सुखाने नांदतेच असं नाही. नॉर्टेलच्या स्विचवाल्यांना अवाया भेटली हे बरंच झालं म्हणायचं. थ्रीकॉमने तर २००० साली, कोणीही विकत घेतलेलं नसताना, मोठ्या ग्राहकांसाठीचे कोअर स्विच बनवणं एकाएकी सोडून दिलं होतं. तेव्हा खरेदी हाच दोष, असा माझा दावा नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार मौनाची. सौदा जाहीर होतो आणि पुरा होतो यात कधी सहा महिने जातात, कधी वीस. या काळात दोन्ही कंपन्यांना स्वतंत्रच वागावं लागतं, एकत्र योजना आखणं कायद्यात बसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तेवढ्या काळातलं मौन माफ. पण सौदा पुरा झाल्यावरही वर्षभर 'आम्ही उत्पादनांचा आढावा घेत आहोत' हेच उत्तर येतं. कोणती पेटी ठेवायची आणि कोणती बंद करायची याचा अंदाज नसताना तुम्ही अब्जावधी डॉलर मोजलेत, यावर विश्वास ठेवायचा?

दुसरी, नोंदींची. तिची कथा वर सांगितलीच. कंपनी घेताना तिच्या पेटंटची, येण्याजोग्या पैशांची, खुर्च्यांची सुद्धा मोजदाद होते. आमचे सिरियल नंबर आणि करार मात्र तुमच्या यंत्रणेत उतरवण्याचं काम 'पुढच्या टप्प्यात' असतं. पैसे भरल्याची पावती माझ्याकडे आहे आणि पुरावा मागायची पाळीही माझ्यावरच. तुमच्या बिलाच्या विभागाला माझा करार बरोबर सापडतो, बरं का. नूतनीकरणाचं स्मरणपत्र वेळेवर आलं होतं.

तिसरी तक्रार छोटी वाटेल, रात्री दोनला ती छोटी राहत नाही. जुन्या कंपनीचं संकेतस्थळ बंद करताना तुम्ही कमांडची पुस्तकं, रिलीज नोट्स, जुनी फर्मवेअर आणि दोषांच्या नोंदी सगळं एका फटक्यात पुसता. ते ठेवायला तुम्हाला एका सर्व्हरचा कोपरा पुरला असता.

चौथी तक्रार लायसन्स आणि क्लाउडची. पेटी आम्ही विकत घेतली होती. मालक बदलला की ती हळूहळू भाड्याची होते. जे वैशिष्ट्य पेटीसोबत आलं होतं ते पुढच्या आवृत्तीत वर्गणीत सरकतं. क्लाउडवरून चालणाऱ्या पेट्यांचं तर विचारूच नका, पलीकडचा सर्व्हर बंद झाला की इकडे वीट उरते. अशा गोष्टी किती चटकन अंगाशी येतात ते २०१२ मध्ये सिस्कोच्या मालकीच्या लिंक्सिसबाबत दिसलं. घरगुती राउटरवर आपोआप नवं फर्मवेअर उतरलं आणि स्वतःच्याच राउटरमध्ये शिरायला लोकांकडे क्लाउडचं खातं मागितलं जाऊ लागलं. ओरड झाली, सिस्कोने पाय मागे घेतला, जुन्या पद्धतीकडे परतायची वाट दिली. पुढच्याच वर्षी लिंक्सिस बेल्किनला विकली गेली. २००३ मध्ये ती ५० कोटी डॉलरला घेतली होती. दहा वर्षांत माणसं तीच, घरं तीच, पेटीवरचा मालक तिसरा.

पाचवी सुरक्षेची, आणि हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मुख्य प्रवाहात आलं नाही, तर ते एखाद्या बंद खोलीसारखं पडून राहतं. वीज चालू असते, आत कोणी जात नाही. ज्युनिपरने २००४ मध्ये फायरवॉल बनवणारी नेटस्क्रीन घेतली, तिच्यासोबत तिची स्क्रीनओएस ही प्रणाली आली. पुढे कंपनीचा मुख्य भर जुनोस या स्वतःच्या प्रणालीवर राहिला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ज्युनिपरनेच जाहीर केलं की स्क्रीनओएसमध्ये परवानगीशिवाय घातलेला कोड सापडला आहे, ज्यातून बाहेरच्याला फायरवॉलमध्ये शिरता येईल आणि व्हीपीएनमधली रहदारी उलगडता येईल. ज्युनिपरने हे स्वतः शोधलं आणि स्वतः सांगितलं, त्याचं श्रेय त्यांना आहे. हे केवळ दुर्लक्षामुळे झालं असंही मी म्हणणार नाही. एवढंच विचारतो, की तुमच्या प्रत्येकाच्या घरात अशा किती खोल्या आहेत, आणि शेवटचं आत कोण जाऊन आलं?

स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांनाही दोन ओळी. एचपीईने ज्युनिपर १४ अब्ज डॉलरला घेण्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. वर्षभराने अमेरिकेच्या न्याय विभागाने दावा लावला, म्हणणं असं की अमेरिकेतल्या एंटरप्राइझ वायरलेसचा ७० टक्क्यांहून जास्त बाजार एचपीई आणि सिस्को या दोघांच्याच हातात जाईल. जून २०२५ मध्ये तडजोड झाली आणि २ जुलैला सौदा पुरा. तडजोडीत एचपीईने आपला 'इन्स्टंट ऑन' हा वायरलेसचा धंदा विकायचा आणि ज्युनिपरच्या 'मिस्ट' या एआय प्रणालीच्या सोर्स कोडचं लायसन्स इतरांना द्यायचं ठरलं. बाजारात स्पर्धक राहावा हा हेतू मला पटतो. पण इन्स्टंट ऑन घेतलेल्या ग्राहकाने कोणाचं काय बिघडवलं होतं? दोन कंपन्यांच्या लग्नात तिसराच घर बदलतो आहे. स्पर्धा वाचवण्यासाठी अटी घालता, तेव्हा आधीच विकल्या गेलेल्या पेट्यांच्या सपोर्टची एक अट घालायला काय हरकत होती?

मागण्या माझ्या साध्या आहेत. यातल्या एकीसाठीही तुम्हाला सौदा मोडावा लागणार नाही.

सौदा पुरा झाल्यापासून ९० दिवसांत घेतलेल्या कंपनीच्या प्रत्येक मॉडेलची एक यादी सर्वांना दिसेल अशी लावा. चार तारखा हव्यात: विक्री कधी थांबणार, शेवटचं फर्मवेअर कधी, सुरक्षेची शेवटची दुरुस्ती कधी आणि सपोर्ट कधी संपणार. तारीख वाईट असली तरी चालेल. वाईट तारखेवर मी बजेट मागू शकतो, 'आढावा चालू आहे' यावर मागू शकत नाही. विक्री थांबल्यावर पाच वर्षं हार्डवेअरला सपोर्ट देण्याचा रिवाज सिस्कोसारख्या कंपन्यांनी स्वतःच्या पेट्यांसाठी पाळला आहे. विकत घेतलेल्या पेटीला त्याहून कमी का?

जुन्या कंपनीचे सगळे करार आणि सिरियल नंबर नव्या यंत्रणेत उतरून तपासले जाईपर्यंत जुनं पोर्टल बंद करू नका. आगाऊ पैसे घेतलेल्या करारांच्या अटी मुदत संपेपर्यंत जशाच्या तशा ठेवा.

सुरक्षेच्या दुरुस्त्या करार असो वा नसो, सगळ्यांना मोफत द्या. फर्मवेअर आणि कागदपत्रं सपोर्ट संपल्यावरही दहा वर्षं उघडी ठेवा, लॉगिनशिवाय.

ज्या दिवशी तुम्ही एखादी पेटी सोडून द्याल, त्या दिवशी तिचं कुलूप काढून द्या. क्लाउडवर चालणारी असेल तर शेवटचं एक फर्मवेअर असं द्या की ती स्थानिक पातळीवर चालेल. ते जमत नसेल तर बूटलोडर (पेटी सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) मोकळा करा, बाकीचं लोक बघून घेतील. ही भाबडी आशा नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, जीपीएल या खुल्या लायसन्सच्या अटींमुळे सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते आजही असंख्य राउटरांवर चालतं. ब्रोकेडने २०१२ मध्ये राउटरचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हायाटा घेतली आणि तिची मोफत आवृत्ती बंद पडली, तेव्हाही कोड खुला असल्यामुळे २०१३ मध्ये लोकांनी व्हायओएस सुरू केलं. त्यानंतर व्हायाटाचे मालक दोनदा बदलले. व्हायओएस वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसेल.

आणि शेवटची मागणी: कारण सांगा. माणसांसाठी घेतली, चिपसाठी घेतली, ग्राहकांसाठी घेतली, की तुमच्या उत्पादनात भोक होतं म्हणून घेतली? गुंतवणूकदारांच्या बैठकीत तुम्ही ते जवळजवळ स्पष्ट सांगता, आम्ही तिथूनच तर वेचून काढतो. तेच एक वाक्य ग्राहकाच्या ईमेलमध्ये घाला आणि 'काहीही बदलणार नाही' हे काढून टाका.

माझ्यासारखंच काम करणाऱ्यांना जाता जाता सांगतो. पुढच्या खरेदीच्या करारात मालकी बदलल्यास लागू होणारं कलम घालून घ्या: सपोर्टची मुदत, उरलेल्या पैशांचा परतावा, फर्मवेअरची प्रत. पेटी महत्त्वाची असेल तर तिचा सोर्स कोड तिसऱ्याकडे अनामत ठेवायला लावा. मोठ्या कंपनीचा विक्रेता नकारार्थी मान हलवेल, लहान कंपनीचा मालक बहुतेक सही करेल, कारण त्याला तुमची ऑर्डर हवी असते. आणि फर्मवेअर आजच उतरवून ठेवा. पेन ड्राइव्हवर तारीख लिहा, ड्रॉवरमध्ये दुसरीही एक प्रत असू द्या.

आमच्या संस्थेत पुढच्या खरेदीचा मसुदा सध्या माझ्याच टेबलावर आहे. वरच्या मागण्या मी त्यात अटी म्हणून घातल्या आहेत. तुमच्यापैकी दोघांकडून निविदा येतील असा अंदाज आहे, तेव्हा या पत्राचं उत्तर वेगळं पाठवलं नाही तरी चालेल, निविदेतच द्या.

ते चार स्विच मात्र अजून रॅकमध्येच आहेत. तीनांवर जुन्या कंपनीचं नाव आहे. चौथा वॉरंटीत बदलून आला तेव्हा त्यावर नव्या नावाचा स्टिकर होता, कोपऱ्यातून थोडा सुटलेला, आणि खालून जुनं नाव दिसतं. त्यांचा सपोर्ट कोणत्या दिवशी संपतो हे मी तुमच्यापैकी एकाला आतापर्यंत तीनदा विचारलं आहे. तेवढी तारीख आधी कळवा.

आपला,
एक नेटवर्क अभियंता